तिठ्यावर उभं राहून: पहिल्यांदाच पोर्टल वापरणाऱ्यांसाठी

माझं झेरॉक्सचं दुकान तिठ्यावर आहे. एक रस्ता बंदराकडे उतरतो, दुसरा सड्यावर चढतो, तिसरा हायवेला जातो. एसटीतून उतरलेला नवखा माणूस आधी माझ्याच दुकानाशी थबकतो, अमकी वाडी कुठल्या वाटेने ते विचारतो आणि चालू लागतो. तिठ्यावर काही पिकत नाही, पण तिठा चुकला की माणूस दोन मैल उलटा जातो. पोर्टल, म्हणजे एका ठिकाणी अनेक कामांच्या वाटा दाखवणारं संकेतस्थळ, हे तसंच प्रकरण आहे. ते स्वतः सातबारा देत नाही की गाडी चालवत नाही. कुठलं काम कुठल्या वाटेने होतं ते दाखवतं, तुमचा अर्ज पुढे पोचवतं आणि पोचल्याची पावती देतं.

सुरुवातही अशीच झाली. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची नुसती यादी केली होती, तिचंच पुढे याहू झालं. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीकडून. तेव्हा पोर्टल म्हणजे बातम्या, ईमेल, हवामान आणि शोध, सगळं एका पानावर. आता लोक पोर्टलवर जातात ते काम अडलेलं असतं म्हणून. अशा अडलेल्या लोकांसाठीच हे लिहितोय. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले, मुलाने नवा फोन हातात ठेवला म्हणून गोंधळलेले, नाहीतर आतापर्यंत सगळं ‘तो करतो’ म्हणून सोडून दिलेले.

आधी वही, मग मोबाईल

पोर्टल उघडण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर लिहा, आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय. माझ्या दुकानात निम्मी कामं इथेच अडतात. मागच्या पावसात एक काकी आल्या होत्या. सगळे कागद बरोबर, पण ओटीपी जातो मुलाच्या नंबरवर आणि मुलगा डोंबिवली लोकलमध्ये. ‘पोरगो कामार असा, फोन उचलणा नाय,’ म्हणत त्या तासभर बाकड्यावर बसल्या. मुलाचा फोन येईस्तोवर ओटीपीची मुदत तीनदा संपली होती.

तेव्हा पहिलं काम हे: ज्याचं आधार, त्याच्याच खिशातला नंबर आधारला जोडून घ्या. आधार केंद्रात बोटाचे ठसे देऊन हे होतं. पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही हे काम करतो, म्हणून आपल्या पोस्टात आधी विचारा, तालुक्याची एक खेप वाचेल. नंबर जोडल्यावर सिमकार्ड जिवंत ठेवायला विसरू नका. रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या कुणाला देते.

वहीत दुसरं काय लिहायचं? प्रत्येक पोर्टलचं युजरनेम, अर्ज क्रमांक, तारीख. पासवर्ड वहीत लिहू नयेत असं शहाणे लोक सांगतात. माझं मत वेगळं आहे. सत्तरीच्या माणसाने पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवणं, हे दर वेळी दुकानदाराला नवा पासवर्ड बनवायला सांगण्यापेक्षा बरं. ओटीपी मात्र वहीतही नको आणि फोनवर कुणाला सांगायलाही नको. समोरचा बँकेतून बोलतोय म्हणाला तरीही नाही.

पत्ता शेवटाकडून वाचायचा

पहिल्यांदा फसलो तो मीच. सातबारा हवा होता, गुगलमध्ये टाकलं, सगळ्यात वर आलेलं पान उघडलं. वर अशोकस्तंभ, खाली तिरंगी पट्टी. अडीचशे रुपये भरले आणि हाती आला तो फुकट दिसणारा, सहीशिवायचा सातबारा. सगळ्यात वरची ओळ जाहिरातीची असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. पत्त्याच्या सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, पुढची पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच डावीकडे काय लिहिलंय ते बघायचं. सरकारी पोर्टल असेल तर तिथे ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असतं. ‘जीओव्ही-इन डॉट कॉम’ असं असेल तर ते कुणाचंही असू शकतं. बँकांना रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ या शेवटाचे पत्ते घ्यायला लावले आहेत, तेही त्याच जागी तपासा. मात्र सगळ्याच खऱ्या सेवा सरकारी शेवटाच्या नसतात. कोकण रेल्वेचं संकेतस्थळ डॉट कॉमवर आहे आणि रेल्वे तिकिटाचं आयआरसीटीसी ‘को डॉट इन’वर. म्हणून एकदा खात्री केलेला पत्ता मोबाईलच्या पडद्यावर जोडून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच शिरा.

व्हॉट्सअपवर आलेली ‘एपीके’ फाइल, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी, कधीच दाबायची नाही. वाहनाचं चलन, लग्नाची पत्रिका, वीज तोडण्याची नोटीस अशा नावांनी ती येते आणि फोनमधले मेसेज दुसऱ्याच्या हाती जातात. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात. उद्या पोलीस स्टेशनला जाऊन बघू म्हणणाऱ्याचे बहुतेक परत येत नाहीत.

सातबारा, म्हणजे खरं काम

कोकणातला सातबारा घाटावरच्यासारखा नसतो. तिथे एका गटाला दोन-तीन नावं, इथे सर्वे नंबरला हिस्से, हिश्श्याला पोटहिस्से आणि एका उताऱ्यावर चाळीस नावं. त्यातली दहा माणसं कैलासवासी, पंधरा मुंबईत, दोन कुठे आहेत कुणालाच ठाऊक नाही. म्हणून इथे जरा रेंगाळतो.

भूलेख हे जमिनीच्या नोंदींचं सरकारी संकेतस्थळ उघडा. विभाग विचारला तर कोकण निवडा. मग सातबारा की आठ-अ ते ठरवा. सातबारा हा जमिनीच्या एका तुकड्याचा उतारा. नमुना सातमध्ये मालकी आणि इतर हक्क, नमुना बारामध्ये पिकं. आठ-अ हा खातेदाराचा उतारा, त्या गावात तुमच्या नावावर एकूण काय-काय आहे ते त्यात दिसतं. सर्वे नंबर आठवत नसेल तर आधी आठ-अ काढा, सगळे नंबर एकत्र मिळतील. मग जिल्हा, तालुका, गाव. सारख्या नावाची गावं असतात, खुर्द-बुद्रुक असतात, तेव्हा यादीतलं नाव नीट वाचा. नंबर ठाऊक नसेल तर नावानेही शोधता येतं. त्यात एक गंमत आहे. आडनाव गावच्या जुन्या लिहिण्याप्रमाणे नोंदलेलं असतं. शाळेच्या दाखल्यावर तुम्ही एक, सातबाऱ्यावर आजोबा दुसरेच. आडनावाने नाही सापडलं तर नुसत्या पहिल्या नावाने शोधून बघा.

इथे फुकट दिसतो तो उतारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत किंवा कार्यालयात द्यायचा असेल तर महाभूमीच्या डिजिटल सातबाऱ्यावर जायचं. तिथे डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यावर तलाठ्याचा शिक्का-सही घ्यायची गरज नाही, उताऱ्यावरच्या क्रमांकावरून तो खरा की खोटा हे समोरच्याला तपासता येतं. दुकानदार जास्त घेतो ते छपाईचे आणि त्याच्या वेळेचे. मीही घेतो. पण मूळ दर १५ आहे हे तुम्हाला माहीत असावं.

उतारा हातात आला की ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. कूळ, बँकेचा बोजा, कुणाचा वाटेचा हक्क तिथे असतो. जमीन विकत घ्यायला येणारे पाहुणे समुद्राचा देखावा बघून हरखतात आणि हा रकाना वाचतच नाहीत.

आजोबांचं नाव अजून तसंच असेल तर वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्या करता येतो. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि कागद जोडायचे, तो अर्ज तलाठ्याकडे जातो. पुढचं काम तलाठी आणि मंडळ अधिकारीच करतात. अर्ज टाकून दोन आठवडे काही हललं नाही तर चावडीत जाऊन अर्ज क्रमांक दाखवा. पोर्टलने तलाठ्याची भेट टळत नाही, पण भेटीला जाताना हातात क्रमांक असतो.

मुंबईकरांसाठी सगळ्यात उपयोगाचं पोर्टल मात्र वेगळंच आहे, आणि त्याचं नाव फार कुणाला माहीत नसतं: आपली चावडी. गावात कुठल्या जमिनीचा फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, होतोय त्याची नोटीस इथे दिसते, पूर्वी चावडीच्या फळ्यावर लागायची तशी. हरकत घ्यायला नोटिशीनंतर १५ दिवस असतात. चुलत्यांनी गुपचूप काही केलं असा संशय घेत गणपतीत भांडण्यापेक्षा महिन्यातून दोनदा हे पान उघडून आपल्या गावचं नाव टाकणं सोपं.

ई-पीक पाहणीबद्दल थोडक्यात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानेच आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर करायची पद्धत आली. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, कारण फोन जागा ओळखतो. खाली वहाळाकाठी, ओढ्याशी, रेंज नसते आणि वर सड्यावर, कातळाच्या माळावर, शेत नसतं, हे दुःख आपलंच. आंबा-काजूची झाडं नोंदायला विसरू नका. नुकसान झाल्यावर पंचनाम्याच्या वेळी ती नोंदच नसते आणि मग धावपळ होते.

दाखले

उत्पन्न, अधिवास, जात, ज्येष्ठ नागरिक, हे सगळे दाखले ‘आपले सरकार’ पोर्टलवरून. नोंदणी एकदाच करायची. अर्ज भरणं अवघड नाही, अडतं ते फाइलींच्या आकारापाशी. मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा, आणि पोर्टलला हवा असतो काही केबीचा. किती हवा ते तिथेच लिहिलेलं असतं. मोबाईलमध्ये फोटो लहान करणारं ॲप असतं, किंवा दुकानात करून घ्या. कागदाचा फोटो दुपारी पडवीत काढा. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या रेशनकार्डाच्या फोटोत काढणाऱ्याची सावलीच जास्त दिसते आणि अर्ज ‘अस्पष्ट’ म्हणून परत येतो.

आता महत्त्वाचं. अर्ज गेला की पावती निघते. ती जपून ठेवा, कारण तिच्यामागे कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. मुदतीत दाखला दिला नाही, किंवा कारण न देता नाकारला, तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि त्यावर राज्य लोकसेवा हक्क आयोग अशी वाट आहे. सबळ कारण नसताना दिरंगाई केल्याचं ठरलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. मी कुणाला अपील करायला भरीस घालत नाही. ‘साहेब, मुदत अमक्या तारखेला संपली’ एवढं पावती समोर ठेवून हसत म्हटलं तरी टेबलावरचा गठ्ठा बऱ्याचदा हलतो.

गणपतीची गाडी

१९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली आणि तेव्हापासून आपल्याकडे सणाची सुरुवात मोदकांनी नाही, वेटिंग लिस्टने होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. प्रवासाचा दिवस सोडून मोजायचं. १२ सप्टेंबरला निघायचं असेल तर १४ जुलैच्या सकाळी आठ वाजता. कॅलेंडरवर बोट ठेवून आदल्या महिन्यातच खूण करा.

आठ वाजायच्या आधी करायची कामं आहेत. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून ठेवा. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट फक्त आधार जोडलेल्या खात्यांना मिळतं, आणि आरक्षण उघडतं त्या सकाळीही अशाच खात्यांना आधी वाव दिला जातो. घरच्या माणसांची नावं, वयं त्या खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या यादीत, भरून ठेवा. पैसे भरायची सोय तयार ठेवा. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहा वाजता आणि बाकीचं अकरा वाजता.

नवख्याची ठरलेली चूक म्हणजे गावाचं नाव स्टेशन म्हणून टाकणं. मालवण, देवगड, दापोली, गुहागर यांना रेल्वे नाही. मालवणला कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली जवळ. दापोलीला खेड. आणि नावात ‘रोड’ असेल तर सावध राहा. राजापूर रोडला उतरून बाजारपेठ शोधू नका, राजापूर शहर तिथून बरंच लांब आहे. उतरल्यावर एसटी किंवा रिक्षा आहे का हे तिकीट काढण्याआधीच गावी फोन करून विचारा, ते पोर्टलवर नसतं.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं. दरडींच्या भीतीने गाड्या हळू चालवतात. तेव्हा मागच्या वर्षीच्या तिकिटावरची वेळ धरून स्टेशनात जाऊ नका.

दर्या आणि आभाळ

हैदराबादला १९९९ मध्ये स्थापन झालेली इन्कॉइस नावाची सरकारी संस्था आहे. समुद्राची माहिती ती देते, मराठीतही देते. उपग्रह पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघतो. जिथे थंड-गरम पाणी भेटतं आणि हरितद्रव्य जास्त, तिथे खाणं असतं आणि मासळी जमण्याची शक्यता असते. मग आपल्या बंदरापासून दिशा कुठली, अंतर किती किलोमीटर, खोली किती मीटर हे पोर्टलवर येतं. आमच्याकडचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, खोली वावात मोजतात. एक वाव म्हणजे सहा फूट, तेव्हा वीस वाव म्हणजे साधारण ३६-३७ मीटर. हे गणित वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

एका जुन्या तांडेलाला मी हे सगळं दाखवलं, तर म्हणाला, ‘मासो काय उपग्रहाक इचारून येता?’ बरोबरच आहे त्याचं. ही शक्यता आहे, वचन नव्हे. ढगाळ असलं की उपग्रहाला पाणीच दिसत नाही, त्या दिवशी माहिती येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाही नाही. पण हाच तांडेल आता त्याच पोर्टलवरचा लाटांचा अंदाज नातवाला रोज वाचायला लावतो. मासळीचं त्याला कळतं, पण दक्षिणेकडून दोन दिवसांनी येणारी फुगलेली लाट आज किनाऱ्यावर उभं राहून कुणालाच दिसत नाही.

हवामान खात्याचे रंग पाठ करा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. हे सगळं वादळ येण्याआधी बघायचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत वीज गेली, टॉवर बंद पडले, आणि कितीतरी गावांत नंतर अनेक दिवस फोनच नव्हता. त्या दिवसांत कुठलंही पोर्टल उपयोगाचं नव्हतं. म्हणून तहसील, पोलीस स्टेशन, आरोग्य केंद्र यांचे नंबर कागदावर लिहून दाराआड चिकटवा. चार्ज केलेला फोन वादळाच्या आदल्या दिवशीच असतो.

गावाचा हिशेब

आतापर्यंतची पोर्टलं एकट्याच्या कामाची. हे एक वाडीच्या कामाचं. २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने ई-ग्रामस्वराज सुरू केलं. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलात की आपल्या पंचायतीचा विकास आराखडा दिसतो, आणि वित्त आयोगाच्या निधीतून कशावर किती खर्च झाला तेही. आमच्या वाडीतल्या दोन मुलांनी हे पान माझ्याकडे छापून घेतलं आणि ग्रामसभेला नेलं. त्यात एक पाखाडी, म्हणजे वाडीतली दगडी पायवाट, होती. कागदावर पुरी झालेली, पावसात मात्र लोक अजून चिखलातून उतरत होते. आवाज न चढवता त्यांनी फक्त विचारलं, ही कुठली पाखाडी? नोंद दुसऱ्या वाडीच्या कामाची होती, नाव चुकलं होतं, असं उत्तर आलं. ते खरंही असेल. पण त्या वर्षीच्या आराखड्यात आमची पाखाडी आली.

पोर्टल शाबूत, पण ते वापरणारा वाडीत एकच, अशी बऱ्याच ठिकाणची अवस्था आहे. तो एक जण मुंबईला गेला की सगळं थांबतं. निदान दोघांना शिकवून ठेवा, आणि त्यातली एक बाई असू दे. बचत गटाची कामं ऑनलाइन करणाऱ्या बायका आमच्याकडे पुरुषांपेक्षा नीट नोंदी ठेवतात, हे मी पावत्यांवरून सांगतोय.

‘सर्व्हर डाऊन’

हे शब्द तुम्ही ऐकणारच. योजनेच्या शेवटच्या तारखेला दुपारी बारा वाजता सगळा महाराष्ट्र एकाच दारातून आत शिरू पाहतो, मग दार अडकतं. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका आणि दुपारची वेळ टाळा. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी त्या पोर्टलवर पैशांची स्थिती बघा, बँकेचा मेसेज जपून ठेवा, एक दिवस थांबा. दुसऱ्याच्या संगणकावर काम केलंत तर उठण्याआधी लॉगआउट करा आणि डाउनलोडमध्ये पडलेला तुमचा आधारचा फोटो पुसायला सांगा. माझ्याही दुकानात सांगा, मी विसरतो.

सातबारा आणि दाखल्यांची कामं मी सकाळी सहाला करतो. तेव्हा सर्व्हर मोकळा असतो, लाइट बहुतेक गेलेली नसते, आणि मुंबईचा मुलगा अजून घरीच असल्यामुळे ओटीपीसाठी फोन उचलतो.